शिरूर ते दौंड : युक्काच्या निमित्ताने

मैत्रिणींनो, आपल्या शिरूर-दौंडकडे बैठकीच्या खोलीत झाड ठेवायची हौस अलीकडे चांगलीच वाढली आहे. टीव्हीच्या शेजारी पांढरी शुभ्र कुंडी, तिच्यात हत्तीच्या पायासारखं खोड आणि वर तलवारीसारख्या पानांचा झुबका. ओळखलंत नं? तोच युक्का. आणि वर्षाच्या आत कितीतरी घरांत तो मान टाकतो. तहानेनं नव्हे बरं का, जास्त पाण्यानं!

हा पाहुणा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिकडच्या एल साल्वादोर देशाचं ते राष्ट्रीय फूल, आणि त्या पांढऱ्या फुलांची तिथल्या बायका अंडी घालून भाजीसुद्धा करतात. नावावरून मात्र एक घोटाळा होतो. ज्या कंदापासून आपला साबुदाणा तयार होतो, त्यालाही स्पॅनिश भाषेत 'युका'च म्हणतात. ती वनस्पती अगदी वेगळी. तेव्हा कुंडीतला युक्का उपासाला चालणार नाही!

त्याचे नातेवाईक पाहायचे असतील तर शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसावं. घोडनदी मागं पडते, न्हावरं येतं, दोन्ही बाजूंना ऊस. पण ऊस संपून माळ लागला की बांधावर मधूनमधून घायपात दिसतं. कुणी त्याला केकताड म्हणतं. पूर्वी त्याच्याच वाखाचे दोर वळत. हे घायपातही मेक्सिकोकडचंच. वनस्पतिशास्त्रज्ञ आता युक्का, घायपात आणि आपली शतावरी यांना एकाच कुळात घालतात. फरक एवढाच की घायपात जन्मात एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मरतं. युक्का फुलूनही जगतो. (घरातल्या कुंडीत मात्र तो सहसा फुलत नाही, वाट पाहू नका.)

पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. पुढं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या कितीतरी मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. दुष्काळ आपल्या भागाला नवा नाही. सह्याद्री ओलांडून येईतो पावसाची झोळी रिकामीच होते. अशा माळावर त्या घायपाताला कोण घालतं पाणी? डोक्यावर ऊन, मुळाशी मुरूम, की झालं. युक्काचंही तेच मागणं आहे.

आपण करतो काय, तर शेतातली काळी माती आणून कुंडी भरतो. ती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात. निम्मी साधी माती, निम्म्यात बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा आणि मूठभर शेणखत पुरे. वाळूचे भाव विचारूच नका! कुंडीला भोक हवंच, आणि खालच्या बशीत साचलेलं पाणी तासाभरात ओतून टाकावं. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तरच घाला. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात आणि थंडीत दोन-तीन आठवड्यांनी. रोज देवपूजेनंतर तांब्यातलं उरलेलं पाणी घालायची सवय असेल तर ते तुळशीला घाला.

जागा खिडकीजवळची, उजेडाची. कोपऱ्यातलं झाड एकदम एप्रिलच्या उन्हात नेलंत तर पानं भाजतात. आधी सकाळचं ऊन द्यावं. खालचं एखादं पान पिवळं पडणं हा झाडाचा धर्मच आहे, पण खोड दाबून मऊ लागलं तर मूळ कुजतंय असं समजा. बोअरच्या खारट पाण्यानं पानांची टोकं करपतात, म्हणून पावसाचं पाणी साठवलं असेल तर त्यातलं थोडं याच्यासाठी ठेवा. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढा. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर पानं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, उलट्या होतात. काही जातींच्या पानांची टोकं सुईसारखी असतात; रांगतं मूल असेल तर मऊ टोकांचीच जात घ्या.

दौंडला आमच्या वन्सं राहतात, रेल्वेच्या वस्तीजवळ. तिथं बदल्या नित्याच्याच. त्यांच्या शेजारणीनं अकरा वर्षं वाढवलेला युक्का छताला टेकायला आला होता, आणि फेब्रुवारीत बदलीचा हुकूम आला. ट्रकात एवढं झाड राहीना, सोडून जायला जीव होईना. बाई डोळ्यांत पाणी आणून बसल्या. वन्संनी करवत काढली! कमरेएवढ्या उंचीवर खोड कापलं. वरचा पानांचा तुकडा घेऊन त्या सोलापूरला गेल्या. त्यांना सांगून ठेवलं होतं, काप चार दिवस सावलीत सुकू द्या, खालची पानं काढून टाका, मग कोरडसर मातीत रोवा आणि पाणी बेतानं घाला.

खालचा बोडका खुंट वन्संकडे राहिला. महिनाभर तो नुसता लाकडासारखा उभा. जावई म्हणालेसुद्धा, चुलीत घाला. एप्रिलमध्ये सालीतून दोन हिरवे कोंब फुटले. त्याच आठवड्यात सोलापूरहून फोन आला, मधलं नवं पान उलगडतंय म्हणून. वन्संच्या खुंटावरचा एक कोंब हातभर झाला की कापून मला मिळायचा आहे. मी मुरूम चाळून ठेवला आहे.