दादाची करंगळी

माझ्या नातवाचे बारसे यंदा श्रावणात, अमरावतीला आमच्याच घरी झाले. घुगऱ्या वाटून झाल्या आणि मग बायकांनी बाळाची तपासणी सुरू केली. रंग आजोळचा, नाक आमचे, अशी वाटणी चालली होती. माझ्या आत्याने (वय नव्वद, नजर शाबूत) त्याच्या टाळूवरून हात फिरवून निकाल दिला, "दोन भोवरे हायेत. याले दोन बायका होतीन!" सगळ्या हसल्या. मग तिने बाळाची मूठ उलगडली. "करंगळी वाकडी दिसते. अरे, ही तं आपल्या दादाची!"

हसणे तिथेच थांबले. सुनेने बाळाला दुपट्यात गुंडाळून घेतले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. १९७८ साली तो बावीस वर्षांचा होता. आधी त्याचे बोलणे कमी झाले, मग अंघोळ, मग भिंतीपलीकडून कोणी आपल्याला नावे ठेवते असे तो सांगू लागला. वर्षभर अंगारेधुपारे झाले. शेवटी बाबांनी त्याला नागपूरला मनोरुग्णालयात नेले. ते १८६४ सालापासूनचे. आमच्या आळीत 'नागपूरला नेले' एवढे म्हटले की पुढे कोणी विचारत नसे. छिन्नमनस्कता हा शब्द तेव्हा आमच्या घरात आला, तो अजून मुक्कामाला आहे. दादा मात्र गोळ्यांनी सावरला. आता अकोल्याला ताईकडे असतो, पेपर वाचतो, भाजी आणतो, फारसे बोलत नाही.

दर महिन्याला बडनेऱ्याहून गाडी धरून मी अकोल्याला जातो आणि त्याला डॉक्टरांकडे नेतो. बारशानंतरच्या खेपेला करंगळी माझ्या मनात सलत होती. डॉक्टरांनी दादाला नेहमीची कसरत करायला लावली: टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा, पुन्हा मूठ. दादा तिसऱ्या फेरीला चुकला. (मी रात्री ताईच्या ओट्यावर गुपचूप करून पाहिली. जमली, पण घाम फुटला.)

"या चुकांचा आजाराशी संबंध असतो, काका," डॉक्टर म्हणाले. "ज्यांचे बोलणे आटते, उत्साह जातो, विचारांची गती मंदावते, त्यांच्यात त्या जास्त आढळतात. औषधाने त्या काही अंशी कमीही होतात."

मी करंगळीचे विचारले. वाटले, हसतील. ते हसले नाहीत.

म्हणाले, वॉलड्रॉप नावाच्या बाईंनी १९६८ साली मुलांच्या वागणुकीचा अभ्यास करताना अशा खुणांची यादी वापरली: दोन भोवरे, खाली बसलेले कान, उंच टाळू, वाकडी करंगळी, तळहातावर एकच आडवी रेघ, पायाच्या अंगठ्यालगत मोठी फट. माझ्या आत्याला ही यादी तोंडपाठ असती! गर्भाची कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात. पहिल्या काही महिन्यांत घडणीत खोट आली, तर तिची खूण बाहेरही उमटू शकते. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तिच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढे हा आजार सुमारे दुपटीने आढळला. रुग्णांच्या समूहात अशा खुणा इतरांपेक्षा अधिक सापडतात, हे खरे. पण त्यावरून आजार किती तीव्र किंवा किती लवकर येईल, याबद्दल एक अभ्यास हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो.

"मग बाळाचे काय?"

"तुमचा हात दाखवा."

जोशीबुवापुढे धरावा तसा मी हात पुढे केला. त्यांनी माझी करंगळी सरळ करून पाहिली. ती सरळ होईना.

चौतीस वर्षे मी खडू धरला, फळ्यावर हजारो वेळा लिहिले. ही करंगळी कोणाला दिसली नाही, मलाही नाही. दादाची मात्र साऱ्या घराला पाठ! इटलीच्या लोम्ब्रोझोने १८७६ साली पुस्तक लिहून गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो म्हटले होते. तो निदान तुरुंगात जाऊन मोजमापे तरी घेत होता. आम्ही आधी माणूस वेडा ठरवला आणि मग त्याची बोटे मोजली.

घरी येऊन सुनेला सगळे सांगितले. माझी करंगळी तिने निरखून पाहिली.

"म्हणजे बाळाला होणारच नाही, असं नाही ना बाबा?"

खोटे बोलवेना. चुलत आजोबांना आजार असला तर धोका इतरांहून किंचित अधिक धरतात. करंगळी सरळ असती तरी तो तेवढाच राहिला असता, हेच डॉक्टरांचे म्हणणे मी सांगितले. ती बराच वेळ बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "मोठ्या बाबांना दिवाळीला इकडेच आणा."

दादाला मी फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "बाळाची मान धरता येईल ना रे मला? की तू जवळ बसशील?"