धुण्याचा वार

परदेशी निघालेल्या मनुष्यास उपदेशकांची वाण कधीच पडत नाही. थंडीत काय ल्यावे, परक्या मुलखात काय खावे, हे आम्हांस पुष्कळांनी सांगितले. पण कपडे तेथेही मळतात, ही गोष्ट मात्र एकानेही सुचविली नाही. ग्रंथालयात वाचन करावे म्हणून आम्ही लंडनला सहा आठवडे राहिलो. पहिला आठवडा सरला आणि खोलीच्या कोपऱ्यातील ढीग आमच्याकडे टवकारून पाहू लागला. उतरलो होतो तेथे धुलाईचा दर विचारला, तेव्हा धुण्यापेक्षा नवा सदरा घेणेच बरे असे वाटले!

जवळच्याच गल्लीत, नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवावेत, असे एक दुकान होते. अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे १९३४ साली अशी सोय निघाली. लंडनमध्ये क्वीन्सवेवर पहिले दुकान उघडले ते १९४९ साली. एवढी माहिती आम्ही मोठ्या हौसेने मिळविली होती. परंतु इतिहास ठाऊक असला म्हणून धुणे येतेच असे नाही. आम्ही सारे कपडे एकाच यंत्रात कोंबले, पाणी चांगले कढत ठेवले आणि बाकावर पुस्तक उघडून बसलो. पाऊण तासाने पाहतो तो लाल काठाच्या नव्या पंचाने आमच्या पाचही सदऱ्यांना गुलाबी करून सोडले होते!

शेजारी एक वृद्ध बाई घड्या घालीत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "रंगीत कपडे आधी वेगळे काढावेत." आणि मग अगदी सहज विचारले, "आजवर तुमचे कपडे कोण धूत होते?"

प्रश्न साधा, पण आम्हांस उत्तर सुचेना. श्रमप्रतिष्ठेवर पंचवीस वर्षे वर्गात व्याख्याने देणारे आम्ही! आधी आई, मग पत्नी, पुढे मोलकरीण, अशी नावे मनात एकामागून एक येऊ लागली. विहिरीपाशी धुण्याचा दगड होता. पौषातल्या पहाटे आई तेथे बसे, आणि आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या ती धपधप ऐकत असू. रात्री ती हातांच्या भेगांना कोकमतेल लावी. तो हात गालावरून फिरला की खरखरीत लागे, आणि आम्ही तोंड फिरवीत असू. ते तोंड फिरविणे आम्हांस इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, त्या बाकावर आठवले. क्षमा मागावी, तर आई आता नाही.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी पेटी उघडली आणि गुलाबी सदरे पाहून त्यांना हसू आवरेना. आम्ही गंभीरपणे जाहीर केले, "यापुढे रविवारचे धुणे आमच्याकडे."

त्यांनी एकवार आमच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "बरे तर. पण अहो, आधी रंगीत वेगळे काढा."