सायलेन्सर फटाके मारतोय? आधी हवा कुठून शिरते ते बघा



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण गाडी म्हणजे आता शेतीचंच अवजार झालंय. माझी 2013 ची इंजेक्शनवाली, 150 सीसी. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन डेअरीला, अधेमधे खत, औषध, रात्री मोटर चालू करायला रानात, सगळं तिच्यावर.

पावसाळा संपल्यावर ती फटाके मारायला लागली. उताराला रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट्-फाट्! पोरं हसायची. पण ऊसतोड सुरू झाली आणि एक दिवस ओढ्याच्या उतारावर समोरून भरलेली बैलगाडी आली. आवाज झाला, आतला बैल बुजला. गाडीवानानं कासरा आवळून धरला म्हणून निभावलं, नाहीतर गाडी ओढ्यातच जायची. आपल्या गाडीपायी दुसऱ्याची जोडी जायबंदी व्हायला नको.

तालुक्याला दाखवली. इंजेक्टर आणि कॉम्प्युटर बदलावा लागेल, आठ-नऊ हजार लागतील, असं सांगितलं. तेवढे पैसे गव्हाच्या खताला ठेवलेले. म्हटलं, आधी आपण तपासू.

पीक पिवळं दिसलं म्हणून आपण लगेच युरिया फेकत नाही. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राचा संशय. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर चुनखडीच्या रानात बहुतेक लोहाची कमतरता. गाडीचंही तसंच. फटाका नेमका कधी वाजतो ते आधी बघायचं.

– रेस देताना, चढाला वाजला तर: प्लग, प्लगची कॅप-वायर, पेट्रोलचा पुरवठा.
– आवाज एअर फिल्टरच्या बाजूनं आला तर: व्हॉल्व्ह सेटिंग, किंवा इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय.
– फक्त रेस सोडल्यावर, उताराला वाजला तर: सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा शिरत असण्याचा संशय आधी.

माझी तिसऱ्या प्रकारात होती.

हवा शिरली की काय होतं? रेस सोडल्यावर इंजिनात जळण नीट पेटत नाही, थोडं पेट्रोल न जळता पुढं जातं. सायलेन्सर तापलेला असतोच. तिथं बाहेरची हवा मिळाली की ते तिथंच पेटतं आणि फटाका वाजतो. तुम्ही म्हणाल, फटीतून धूर बाहेर यायचा, हवा आत कशी जाईल? धूर सलग जात नाही, धक्क्याधक्क्यानं जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब पडतो आणि फट बाहेरची हवा ओढते.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक भानगड. माझ्या गाडीच्या बेंड पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहे. त्याच्या आधीच हवा शिरली तर सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि फटाके आणखी वाढतात. प्लग काळा पडला होता, 50 चं ॲव्हरेज 41 वर आलं होतं, ते यामुळंच.

तपासणी सोपी आहे. सकाळी इंजिन गार असताना, उघड्या जागेवर गाडी चालू करा. सायलेन्सरच्या तोंडाला जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंदच दाबा. फट असेल तिथं फुस्-फुस् आवाज येतो. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात. माझ्या गाडीला बेंड पाइप इंजिनाला मिळतो त्या जोडावर बुडबुडे आले. तिथं काजळीही धरली होती. चिखल-पाण्यानं नट गंजून ढिले झालेले, आतलं गॅस्केट जळून गेलेलं.

नट लगेच पान्यानं पिळू नका, स्टड तुटला तर काम वाढतं. मी रात्रभर तेल सोडून ठेवलं, सकाळी थोडं पुढं-मागं करत सोडवले. दोन्ही तोंडं घासून साफ केली, नवीन गॅस्केट घातलं, दोन्ही नट आलटून-पालटून सारखे आवळले. एकच नट पूर्ण आवळला तर पाइप तिरका बसतो आणि फट राहते. गॅस्केट, नट आणि प्लग मिळून अडीचशेच्या आत काम झालं. फटाके थांबले. दोन टाक्या संपल्यावर ॲव्हरेज 49 वर आलं.

जोड पक्का निघाला तर सायलेन्सरचा मागचा जोड बघा. काही गाड्यांना हेडकडं बाहेरची हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि बारीक रबरी पाइप असतो, तोही बघा. इंजिन आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधलं रबर चिरलंय का तेही बघा. मीटरवर इंजेक्शनचा दिवा लागत असेल तर मात्र कोड वाचून घेतल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नका.

मेकॅनिककडं गेलात तर नुसतं "फटाके मारते" म्हणू नका. कधी वाजतो, चढाला का उताराला, गार असताना का तापल्यावर, एवढं सांगा आणि जोड तुमच्यासमोर तपासायला लावा. कुणाच्या गाडीला वेगळं कारण निघालं असेल तर लिहा, सगळ्यांच्या कामाला येईल.