खारपाणपट्ट्याची सरासरी

अमरावती-अकोल्याच्या भूजलाची एकत्र सरासरी काढू नये. मी काढली, रंगीत स्तंभालेखात बसवली आणि खाली लिहिलं, 'क्षारता मर्यादेत.'

सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर-अकोटच्या वरच्या अंगाला विहिरींचं पाणी गोडं. खाली पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो. तिथे विहिरीला पाणी असूनही शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरतो, कारण त्या पाण्यातला सोडियम काळ्या जमिनीची घडण बिघडवतो. हे वऱ्हाडात शाळकरी पोरालाही ठाऊक. मलाही होतं, पण एक्सेल उघडलं की डोकं गावाबाहेर जातं.

विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानक लिटरला 500 मिलिग्रॅम इष्ट मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं. समजा, पाच विहिरींचे आकडे 600, 700, 800, 3200 आणि 4700 आहेत. सरासरी बरोबर 2000, म्हणजे सगळं आलबेल! मध्यक 800, तो तर आणखी गोड बोलतो. पण शेवटच्या दोन विहिरींचं पाणी पिण्याजोगं नाही, आणि 2000 क्षाराची विहीर त्या पाचांत एकही नाही. साधा वारंवारता-आलेख काढला असता तर दोन वेगळे ढीग दिसले असते. मी तो काढलाच नाही. स्तंभालेख देखणा दिसत होता.

त्याहून वाईट म्हणजे पेटी-आलेखात सगळ्यांच्या वर एकटाच बसलेला ठिपका. प्रयोगशाळेची चूक समजून मी तो खोडला. पुढे त्या गावी गेलो तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "त्या बोअरचं पानी ढोरंबी पेत नाहीत, साहेब." चूक प्रयोगशाळेची नव्हती.

नायट्रेटमध्ये मे आणि नोव्हेंबरचे नमुने मी एकाच रकान्यात ओतले. पावसानंतर क्षार पातळ होतात, पण शेतातलं नायट्रेट झिरपून उलट वाढू शकतं; त्याची मर्यादा 45, तिथे सवलत नाही. फ्लोराइडच्या 'शोधमर्यादेखाली' अशा नोंदींना शून्य लिहिलं आणि सरासरी आपोआप साजरी झाली. उथळ विहीर आणि खोल बोअर यांतला फरकही मी पुसून टाकला होता. हे सगळं एका वरिष्ठांच्या नजरेतून सुटलं, कारण आकडे दोन दशांशांपर्यंत दिले होते.

आता तालुका, खोली आणि महिना वेगळे केल्याशिवाय मी आलेखाला हात लावत नाही, आणि मर्यादेवरच्या प्रत्येक विहिरीचं गाव नावानिशी लिहितो. तुमच्या ग्रामपंचायतीत पाण्याचा अहवाल आला तर जिल्ह्याची सरासरी ऐकून उठू नका. तुम्ही पिता त्या विहिरीचा आकडा आणि नमुना घेतल्याचा महिना, दोन्ही मागून घ्या.