अश्वपरीक्षा

बदलीच्या नोकरीत माणूस दुसरे काही शिको वा न शिको, इतरांनी वापरलेल्या वस्तू पारखून घेण्याची विद्या त्याला आपोआप अवगत होते. गाव सोडून निघालेल्या अधिकाऱ्याचे लोखंडी कपाट, कोणाचे शिलाईयंत्र, कोणाच्या पोरांनी मोठे होऊन रिकामा केलेला पाळणा, असा आमचा संसार तीस-पस्तीस वर्षे परमुलखात चालत आला. आणि परमुलखात राहणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांचाही तो असाच चालला असावा, असा आमचा तर्क आहे. त्यातून आमची नोकरी पडली हिशेबतपासनिसाची. तेव्हा जुनी वस्तू घ्यायची झाली की आम्हांला बरोबर न्यावे, असा प्रघात आप्तेष्टांत पडला यात नवल नाही. परंतु या लौकिकापायी निवृत्तीनंतर एका रविवारी सकाळी बेंगळूरच्या कुक टाउनात आम्हांला एका मोटारीखाली पाठ टेकून निजावे लागेल, हे मात्र कोणत्याही ज्योतिषाने आम्हांला सांगितले नव्हते.

आमचा भाचा येथे एका संगणक कंपनीत नऊ वर्षे आहे. सदनिकेच्या पहिल्या हप्त्यासाठी तो पैसे साठवीत आहे, एवढेच आम्ही जाणून होतो. एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, “मामा, एम.जी. पाहायला येता का?” बेंगळुरात एम.जी. म्हटले की डोळ्यांपुढे महात्मा गांधी रस्ता उभा राहतो. तो आम्ही हजार वेळा पाहिलेला असल्यामुळे आम्ही नकार देणार, तोच त्याने खिशातून एक छायाचित्र काढले. लांब नाक, उतरती मागची बाजू, दोनच माणसांची बैठक, डोक्यावर छप्पर म्हणून कापडाची घडी. १९५२ सालची एम.जी. टी.डी. किंमत अठरा लाख रुपये.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, हे ऑक्सफर्डमधील एका मोटारविक्याच्या दुकानाचे नाव. पुढे कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला आणि १९८० साली तो बंद झाला. नाव मात्र आज चिनी मालकीचे असून त्या नावाच्या मोटारी २०१९ पासून गुजरातेत हलोल येथे तयार होतात. टी.डी. जातीच्या २९,६६४ गाड्या १९४९ ते १९५३ या काळात निघाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानात ज्या मूठभर आल्या, त्या कॉफीमळ्यांचे साहेब आणि लष्करी अधिकारी यांच्या हौसेने. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयातीवरचे निर्बंध कडक झाल्यावर तीही वाट अडली. त्यामुळे अशी गाडी विकायला निघाली की जाणकारांत ती वार्ता उपवर मुलीच्या वार्तेसारखी पसरते.

त्याच रात्री मिरजेहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, तू ती गाडी तपासायला जाणार आहेस म्हणे. तुझ्या तपासणीतून आजवर काही सुटलेलं नाही. तेव्हा असे दोष काढ, की तो पुन्हा त्या गाडीचं नाव घेणार नाही. डोक्यावर छप्पर नाही, आणि बिनछपराची मोटार घेतोय!” म्हणजे भाच्याला दोष हवे होते ते किंमत पाडण्यासाठी, आणि त्याच्या आईला हवे होते ते बेत मोडण्यासाठी. दोघांनाही आम्ही होकार दिला. हिशेबतपासनीस निःपक्षपाती असतो असे म्हणतात. त्या दिवशी आम्ही दोन्ही पक्षांचे होतो.

जुने वाहन पारखण्याची आपल्याकडची परंपरा घोड्याची आहे. दात पाहावे, खूर उचलून पाहावे, आणि मुख्य म्हणजे अंगावरचे भोवरे पाहावे. गळ्याशी देवमण असला की धनी भाग्यवान. तंजावरच्या सरस्वती महालाने नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र १९५२ सालीच छापून काढले, म्हणजे आमच्या मोटारीच्याच जन्मवर्षी. आणि हे बेंगळूर तरी कोणाचे? १६३८ साली रणदुल्लाखानाने ते जिंकल्यावर येथली जहागीर आली शहाजीराजांकडे. एवढे अश्वपारखी राजे, पण १६६४ साली होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्यावरूनच पडून गेले. पारख कितीही केली, तरी वाहन ते वाहन. हा विचार आम्ही भाच्यापुढे बोलून दाखविला नाही.

तपासणीला आमच्याबरोबर शिवाजीनगरच्या गुजरीजवळचे एक उस्ताद होते. गुजरी म्हटले की कोल्हापूरच्या माणसाला सोन्यारुप्याची पेढी आठवते. येथली गुजरी म्हणजे भंगाराचा बाजार, आणि उस्तादांच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही. त्यांची भाषा बेंगळूरची दखनी. तिच्यातला ‘नक्को’ आणि प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लागणारा ‘च’ हे आपल्याच घरचे असल्यामुळे, पंचवीस वर्षे कानडी शिकूनही न लाभलेली जवळीक आम्हांला त्यांच्याशी पहिल्या पाच मिनिटांत वाटली.

बंगला जुन्या छावणीच्या पद्धतीचा होता. खिडक्यांवर लाकडी टोकदार झालर, अंगणात पर्जन्यवृक्ष. मालकीणबाई अँग्लो-इंडियन, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या यजमानांनी ही गाडी १९६८ साली चिकमगळूरकडच्या एका मळेवाल्याकडून घेतली होती. यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी पर्थला असते. ती घर विकून तिकडे या म्हणते. “गाडी चांगल्या माणसाकडे जावी एवढंच मला पाहायचं आहे,” असे त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि आम्हांला चहा देऊन व्हरांड्यात जाऊन बसल्या. तपासणी पाहण्याचे त्यांनी टाळले. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगी आई आत जाऊन बसते, तसे.

आम्ही रंग पाहिला, चकाकी पाहिली आणि मान डोलावली. उस्तादांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी प्रथम दार अर्धवट उघडले, त्याच्या कडेला खालून हात घातला आणि ते वर उचलले. दाराबरोबर ज्या खांबाला ते लावले होते तो खांबही हलला. “साब, लोहा अच्छाच है. लकडी गई.” या मोटारीचा सांगाडा वरून पोलादी दिसला, तरी पत्र्याच्या आत तो अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. पत्रा त्या लाकडावर खिळ्यांनी ठोकलेला. पाणी मुरते ते खाली, खांबांच्या पायथ्याशी. उस्तादांनी तेथे आरी टोचली तर ती कणकेत जावी तशी गेली. मग त्यांनी कापडात गुंडाळलेले एक लोहचुंबक काढून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर फिरवले. एके ठिकाणी ते निसटून पडले. तेथे लोखंड नव्हते, लांबी भरलेली होती. भाच्याचा चेहरा पडला. आम्ही मनातल्या मनात बहिणीला आकडा कळविला.

इंजिनाच्या बाजूला मात्र उस्तादांचा सूर बदलला. त्यांनी पान्यांचे वेगळे पुडके सोडले. या इंजिनाची एक गंमत अशी, की बोल्टांचे आटे मिलिमीटरच्या मापाचे आणि डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. कॉव्हेंट्रीतील ज्या कारखान्यात मॉरिसची इंजिने घडत, तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ साली मॉरिसने तो घेतला तेव्हा यंत्रेही फ्रेंच मापाचीच मिळाली. आटे बदलणे महाग, आणि इंग्रज कारागिराच्या हातचा पाना बदलणे त्याहून अवघड. म्हणून आतून फ्रेंच, बाहेरून इंग्रज. आमच्या खात्यातही असे काही नियम होते.

मोटार सुरू झाली. निळा धूर फारसा नव्हता. गरम झाल्यावरही तेलाच्या दाबाचा काटा चाळीस पौंडांच्या वर राहिला. एवढे सगळे ठीक चालले असता आमच्या आयुष्यभराच्या खोडीने उचल खाल्ली. आम्ही म्हणालो, “क्रमांक पाहू या.” नोंदणीचे पुस्तक आमच्या हातात होतेच, म्हैसूर राज्याच्या काळातले. एम.जी.च्या चासीचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता. ज्या कारखान्याने क्रमांकातही विनोद केला त्याच्याविषयी आम्हांला आदर वाटतो. चासीचा क्रमांक पुढच्या टोकाला होता आणि तो जुळला. इंजिनावरची अष्टकोनी पत्री उस्तादांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि आम्ही विजेरी धरून वाचली. पुस्तकात ‘एक्स-पी-ए-जी’पुढे ‘टी-डी’ होते. पत्रीवर होते ‘एस-सी’. दोन कार्ब्युरेटर असलेल्या त्या इंजिनावर, आपणास एकच कार्ब्युरेटर आहे, असे लिहिलेले होते! उस्ताद हसले. हे इंजिन त्याच कंपनीच्या वाय जातीच्या घरगुती मोटारीचे. घडण तीच, १२५० घनसेंटिमीटर, पण चौपन्नऐवजी सेहेचाळीस अश्वशक्तीचे. यजमानांनी केव्हातरी ते बसविले होते आणि पुस्तकात नोंद केली नव्हती.

लाकूड बदलता येते. पण पुस्तकातले इंजिन एक आणि गाडीतले दुसरे, हा व्यवहार नोंदणी-कार्यालयाच्या खिडकीत अडणार, हे आम्हांला सांगावे लागले नसते. भाचा खाली बसला. बेत मोडला होता. बहिणीचे काम आम्ही अनायासे केले होते.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका भांडाराच्या तपासणीत आम्हांला एक यंत्र नोंदवहीत आढळले आणि जागेवर आढळले नाही. आम्ही नियमाप्रमाणे आक्षेप लिहिला. भांडारपाल त्याच वर्षी निवृत्त होत होता. त्याचे उपदानाचे पैसे दोन वर्षे अडकले. पुढे ते यंत्र शेजारच्याच शेडमध्ये गोणपाटांखाली सापडले. आमची चूक कोणीही काढली नाही, कारण कागदोपत्री ती चूक नव्हतीच. भांडारपालाने आम्हांला पत्र लिहिले नाही, भेटायलाही आला नाही. तेव्हापासून जेथे गोणपाट दिसेल तेथे ते उचलून पाहण्याची आम्हांला सवय लागली आहे, आणि ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

शेडच्या कोपऱ्यात गोणपाटांचा ढीग होता. वर रिकाम्या कुंड्या. आम्ही कुंड्या उतरवू लागलो, तेव्हा मालकीणबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, “ते सगळं भंगार आहे. उद्या गुजरीचा माणूस येऊन वजनावर नेणार आहे. हवं असेल तर तुम्ही तसंच घेऊन जा.” खाली, गंजलेल्या घमेल्यांच्या मागे, लाकडी ठोकळ्यांवर एक इंजिन होते. अष्टकोनी पत्रीवर पुस्तकातलाच क्रमांक. यजमानांनी दुरुस्तीला म्हणून काढून ठेवले असावे, आणि आपल्या सर्वांचे होते तसे, ते काम राहून गेले असावे.

भाच्याने आमच्याकडे पाहिले. उस्तादांनी भाच्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. “तसंच घेऊन जा” हे शब्द बाईंनी स्वतः, स्वच्छ आवाजात उच्चारले होते. कोणत्याही लेखानियमाखाली तो व्यवहार दूषित ठरला नसता. भाच्याच्या नऊ वर्षांच्या बचतीचे आम्ही मामा होतो. उस्ताद हलकेच म्हणाले, “साब, अब्बी कुछ नक्को बोलो.”

आम्ही व्हरांड्यात गेलो आणि बोललो. हे इंजिन मूळचे आहे, ते परत बसविले तर गाडी आणि पुस्तक यांचा मेळ बसतो, आणि मेळ बसलेल्या गाडीची किंमत अठरा लाखांहून अधिक होते, असे सर्व सांगितले. लाकूड आणि लांबीही सांगितली. ती उलट बाजूची रक्कम होती. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते इंजिन विकून टाकलं, असं त्यांनी मला सांगितलं होतं.” आणि उठून शेडमध्ये गेल्या. आम्ही कोणी त्यांच्यामागे गेलो नाही.

घरी परतताना भाच्याने एकच वाक्य उच्चारले: “मामा, तुम्ही कोणाच्या बाजूनं आला होता?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. पर्थच्या मुलीशी बोलून बाईंनी दीड लाख वाढविले. भाच्याने दिले. परंतु आमच्याशी बोलणे टाकले. बहिणीने मिरजेहून निराळाच आरोप ठेवला: “तुला दोष काढायला सांगितलं होतं, तर तू गुण शोधून काढलास!”

कागदपत्रांचे काम तेवढे आमच्याकडे राहिले, कारण ते दुसऱ्या कोणाला करावयाचे नव्हते. यजमान गेलेले, म्हणून आधी एकतिसाव्या नमुन्यावर गाडी बाईंच्या नावे. मग एकोणतीस आणि तीस या नमुन्यांवर भाच्याच्या. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, त्यांत जुना क्रमांक कायम ठेवता येतो, ही गोष्ट भाच्याला आम्ही टपालाने कळविली. पुस्तकात रंग ‘हिरवा’ लिहिलेला आहे आणि गाडी लाल आहे, हे मात्र खिडकीतल्या कारकुनानेच काढले. आमच्या नजरेतून ते सुटले होते. बाई म्हणाल्या, लग्नाच्या वर्षी त्यांनी रंगविली. त्यासाठी आणखी एक अर्ज भरावा लागला.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. “मामा, रविवारी मोकळे आहात का?” तो काही बोलेल अशा अपेक्षेने आम्ही धुतलेले कपडे घालून उस्तादांच्या गॅरेजात गेलो. मूळचे इंजिन साखळीने आढ्याला टांगलेले होते, उस्ताद गाडीखाली होते, आणि भाच्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्याने आमच्या हाती विजेरी दिली. आम्ही खाली वाकून ती धरली.

“उदर नक्को, साब,” खालून आवाज आला. “इदरच पकडो.”