मावळतीकडून चार पत्रे

गणपतीपुळे
कार्तिक शुद्ध चतुर्थी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

काल रात्री अकराच्या पुढं सुखरूप पोचलो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गंगाखेड सोडलं तेव्हा गोदागंगेवर धुकं होतं. आंबा घाट उतरेपर्यंत तू बांधून दिलेले धपाटे पुरले. घाट संपला आणि मातीच बदलली बघ. आपली काळी माती पायाला धरून बसते, इथली जांभ्याची लाल माती नुसती उडते. किरायाच्या गाडीच्या काचा लाल झाल्यात.

निघताना तू म्हणालीस, "सूर्य बुडताना गंगेवर रोजच दिसतो की, समुद्रावर आणखी काय वेगळं असणार?" दिवसभर तेच डोक्यात होतं. आज संध्याकाळी वाळूत उभी राहिले आणि लक्षात आलं की इथं पैलतीरच नाही. घाटावरून आपल्याला सूर्य पलीकडच्या बाभळींत गेलेला दिसतो, पाण्यात पडतं ते त्याचं रूप. इथं पलीकडं झाड नाही, गाव नाही, मळ्यातला दिवासुद्धा नाही. एवढं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. पहिली काही मिनिटं भीतीच वाटली.

आज चतुर्थी म्हणून दर्शनाला खूप गर्दी होती. इथला गणपती पश्चिमेकडं तोंड करून बसलाय, थेट समुद्राकडं. मागचा सगळा डोंगरच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. आम्ही घातली. वाटेत एका कडेला समुद्र सोबत असतो.

पण सूर्य काही बुडालेला दिसला नाही. पाण्याच्या वर चार बोटं असतानाच तो धुरकटात विरून गेला. लोक हळहळले, वाळू झटकून निघून गेले. मी लेकरांना घेऊन बसून राहिले, आणि खरी संध्याकाळ त्यानंतर झाली. पंधरा-वीस मिनिटांनी वरचे ढग खालून पेटल्यासारखे झाले. आधी केशरी, मग डाळिंबाच्या दाण्यासारखे. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी उंचावरच्या ढगांना तो अजून दिसत असतो, म्हणून असं होतं. मग त्या रंगाच्या वर चौथीची कोर स्पष्ट झाली. धाकटी म्हणाली, "आजीला फोन लाव." लावला होता, तू देवळात गेली होतीस.

फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवलेत, पण तेवढ्याशा चौकोनात तुला काही नीट दिसणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. वहिनीकडून वाचून घे.

आणखी एक सांगते. तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन माघाच्या आत करायचं ठरलंय ना, ते झालं की तुला इकडं घेऊन यायचं आम्ही दोघांनी गाडीतच नक्की केलंय. तेव्हा मी आता तुझ्यासाठी जागा बघत फिरते आहे. पायऱ्या किती, वाळू किती, बसायला काय आहे, सगळं बघते. इथली वाळू फार मऊ आहे, पाय घोट्यापर्यंत रुततो. तुझ्या गुडघ्यांना जमणार नाही. पुळ्याला तुला दर्शनाला आणू, सूर्य पाहायला नाही.

तुझीच लेक


रत्नागिरी
कार्तिक शुद्ध षष्ठी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

काल पुळ्याहून समुद्राच्या काठाकाठानं रत्नागिरीला आलो. मधे आरे-वारे लागतं. रस्ता डोंगराच्या कुशीतून वळतो आणि एकदम खाली मोठा किनारा, सुरूची रांग, लाटांची पांढरी कड. सगळ्या गाड्या तिथं थांबतात, आम्हीही थांबलो. उंचावरून बघताना क्षितिज खूप लांब सरकतं आणि सूर्याची वाट अगदी पायथ्यापर्यंत पाण्यावर आखलेली दिसते. जागा देखणी आहे. पण उभं राहूनच बघायचं, तेही गाड्यांच्या मधून. तिथं मी तुला उभी करणार नाही.

आज मांडवीला गेलो होतो. मांडवीचा धक्का पाण्यात आत गेलेला आहे. सपाट आहे, वाळूत चालावं लागत नाही. गरी टाकून बसलेली माणसं, भेळेच्या गाड्या, शाळेतली पोरं. गावचे लोक रोज येतात हे बघूनच कळतं. उत्तरेला रत्नदुर्गाचा डोंगर पुढं आलेला आहे. सध्या दक्षिणायन चालू, सूर्य डावीकडं सरकलेला, त्यामुळं तो डोंगर सोडून मोकळ्या पाण्यात उतरला. उन्हाळ्यात तोच उजवीकडं सरकत जाणार. वावरातल्या लिंबामागून सूर्य किती सरकला ते पाहून नाना थंडीचा अंदाज सांगायचे, ते आठवलं.

आज हवा स्वच्छ होती. पाण्याला टेकला तेव्हा सूर्य गोल नव्हता, खालून दाबल्यासारखा, पोळपाटावर चेपलेल्या उंड्यासारखा. थोरल्यानं शाळेत शिकलेलं सांगितलं: काठाजवळच्या दाट हवेतून उजेड वाकून येतो, त्यामुळं खालची कड जास्त उचललेली दिसते, आणि आपल्याला तो पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा खरं तर पुरता खाली गेलेला असतो. म्हणजे जो बघतो तो गेलेला सूर्य. मी हे तीनदा त्याच्याकडून ऐकून घेतलं.

टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत त्यानं घड्याळ लावलं. अडीच मिनिटं भरली नाहीत. आपल्याकडं या दिवसांत तो पावणेसहाच्या सुमारास जातो, इथं सहा वाजून गेल्यावर. पश्चिमेकडं साडेतीन रेखांश सरकलो त्याचा हा पाव तास. तू तुळशीपाशी दिवा लावून आत गेलीस तेव्हा इथं ऊन होतं.

नंतर पोरांनी एक खेळ शोधून काढला. धक्क्यावर पोटावर पालथं पडायचं, शेवटची किनार बुडाली की ओरडायचं, आणि ताडकन उठून उभं राहायचं. उभं राहिलं की सूर्याची किनार पुन्हा दिसते, क्षणभर, मग जाते. डोळे उंचावले की क्षितिज मागं सरकतं, त्याचा हा परिणाम. शेजारी गरी टाकून बसलेले म्हातारबुवाही उठून उभे राहिले आणि दोन्ही पोरांकडं बघून हसले. धाकटी आता रोज म्हणणार आहे, दोनदा सूर्य बुडवायचा.

मांडवी तुला जमेल. पण धक्क्यावर बाकडी कमी आणि वारा फार, तुझे कान दुखतील. अजून बघते.

तुझीच लेक


कशेळी
कार्तिक शुद्ध सप्तमी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आज पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेऊन पूर्णगडावरून कशेळीला आलो. राजापूर तालुक्यातलं गाव. इथं सूर्याचं देऊळ आहे, कनकादित्य. आपल्याकडं रथसप्तमीला तू अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालतेस, तेवढीच आपली सूर्याची पूजा. इथं त्याच दिवसांत मोठा उत्सव असतो आणि कालिकावाडीहून कालिकादेवी वाजतगाजत इथं येते.

देवाची गोष्ट अशी सांगतात. एक व्यापारी जहाजातून मूर्ती घेऊन चालला होता. कशेळीसमोर जहाज अडलं ते हलेना. तेव्हा त्यानं मूर्ती किनाऱ्यावरच्या एका गुहेत ठेवली आणि जहाज निघालं. कनका नावाच्या बाईला स्वप्नात दृष्टांत झाला, तिनं मूर्ती गावात आणवली. तिच्या नावावरून कनकादित्य. देवाच्या नावाआधी बाईचं नाव. जनाबाईच्या गावच्या आपण, ऐकून बरं वाटलं. शिलाहार राजा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट इथं आहे, म्हणजे देऊळ तेव्हापासून तरी जागतं आहेच.

ती गुहा ज्या कड्यात आहे त्याला देवघळी म्हणतात. घळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली फट, समुद्र तिच्यात घुसतो. वर सडा, कातळाचं मोठं पठार. पावसाळ्यातली हिरवळ वाळून गवत सोन्यासारखं झालंय. याच कशेळीच्या सड्यावर आदिमानवानं कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या आत आणखी कितीतरी प्राणी. कोणी कोरले, कशासाठी, बघताना नुसतं गप्प व्हायला होतं. ज्यांनी कोरले तेही संध्याकाळी हत्यार बाजूला ठेवून पश्चिमेकडं बघत असतील.

आई, आतापर्यंत पाहिलेल्यांत ही सगळ्यांत सुंदर जागा. सूर्य खाली येतो तसे काळे कडे आधी तांबूस, मग जांभळे होतात. खाली लाट फुटली की तिचा आवाज पोटात ऐकू येतो. पाणी दोन कड्यांच्या मधे आल्यामुळं सूर्य दारातून आत जावा तसा गेला. आम्ही कोणीच काही बोललो नाही. हेसुद्धा, जे एरवी दर दहा मिनिटांनी चहाचं विचारतात.

पण कड्यालगतची वाट ओबडधोबड आहे आणि कडेला सगळीकडं आडोसा नाही. अंधार पडल्यावर परतताना मलाच धाकटीचा हात घट्ट धरावा लागला. तुला कनकादित्याच्या देवळापर्यंत नक्की आणीन. देवघळी मी तुला बसून सांगेन, जशी आत्ता सांगतेय.

तुझीच लेक


रत्नागिरी
कार्तिक शुद्ध अष्टमी

ती. आईस साष्टांग नमस्कार.

जागा सापडली.

शहरातच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. १९१६ मध्ये तो इथंच वारला, परत गेलाच नाही. वाडा लाल दगडाचा, उंचावर. तिथून जवळच टेकडीच्या कडेला बाग केलीय, थिबा पॉइंट म्हणतात. गाडी पार जवळ जाते. कठड्याला लागून बसता येतं, आणि वारा मांडवीपेक्षा पुष्कळ कमी होता.

समोर काय दिसतं ते ऐक. खाली काजळी नदी. ती सह्याद्रीतून येते आणि भाट्याला समुद्राला मिळते. खाडीवर पूल, त्याच्या पलीकडं भाट्याचा किनारा, सुरूचं बन, आणि नदीच्या तोंडाशी सूर्य. गोड पाणी आणि खारं पाणी यांची सीमा उन्हानं दिसत होती. नदीचं पाणी गुळगुळीत, समुद्राचं चुरगळलेलं. मासेमारीच्या होड्या परत येत होत्या. सूर्य टेकला तेव्हा नदी, पूल, समुद्र, सगळ्यांवरून एकच सोनेरी पट्टा आला होता.

तू आयुष्यभर नदी पाहिलीस, पण नदी संपताना कधी पाहिली नाहीस. मीही पहिल्यांदाच पाहिली. आपली गंगा त्र्यंबकेश्वरी जन्मते तिथून हा समुद्र अवघा ८० किलोमीटर. पण ती पाठ फिरवून उगवतीकडं निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी सूर्य समुद्रातून वर येतो. कार्तिकात तू घाटावरून सोडतेस ते दिवे त्या वाटेला लागतात. या इथल्या नद्या लहान, एका दिवसाच्या अंतरात संपणाऱ्या, पण त्या मावळतीला भेटतात. तिथं बसून मला सारखं वाटत होतं की हे तुझ्या डोळ्यांनी बघायला हवं. तू काय म्हणशील ते मला ऐकायचंय.

अंधार पडल्यावर भाट्याच्या बाजूला दिवे लागले, वर अष्टमीचा अर्धा चंद्र. बागेतून माणसं गेली, आम्हीच शेवटी उठलो. ज्या बाकड्यावर बसलो होतो तिथून फाटकापर्यंत मी पावलं मोजली. तुझ्या चालीनं देऊळ ते घर होतं त्यापेक्षा कमी आहेत.

एकादशीच्या आत घरी पोचतो. आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेतलंय. तुझ्या काठीच्या टोकाचं रबराचं बूच झिजलंय, भाऊला सांगून नवं बसवून घे. इथल्या बागेतली फरशी गुळगुळीत आहे.

तुझीच लेक