सातचा भोंगा



भोंगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे देवळावरचा नाहीतर निवडणुकीच्या जीपवरचा कर्णा येत असेल. माझ्या लहानपणी मुंबईत, वरळीला, भोंगा म्हणजे गिरणीचा भोंगा. माझे वडील गिरणीत साच्यावर कामाला होते. आम्ही बी. डी. डी. चाळीत राहायचो. १६० चौरस फुटांची एक खोली आणि त्यात आम्ही आठ माणसं. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची फारशी गरजही पडत नसे. भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवायची, वडील डबा घेऊन निघायचे आणि आम्ही पोरं अंथरुणं गुंडाळायचो. तो भोंगा कुणा एका घरासाठी नव्हता, सगळ्या वस्तीसाठी होता. त्यामुळे "मीच का उठू?" असं कुणी म्हणत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्याच वरळीत दूरदर्शनचं केंद्र आलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत टीव्ही सुरू झाला. आमच्या मजल्यावर वीस खोल्या, पण टीव्ही एकाच घरी. 'छायागीत' लागलं, किंवा पुढे 'चिमणराव' सुरू झालं, की त्या काकूंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे आणि पुरुष दारात उभे. तेव्हाही मोठी माणसं म्हणायचीच, "या डबड्यानं पोरं बिघडणार!" पण आम्ही फारसे बिघडलो नाही. आम्ही फार गुणी होतो म्हणून नव्हे बरं का! त्याची कारणं दोन होती. एक, त्या डब्याला वेळ ठरलेली होती. संध्याकाळचे काही तास कार्यक्रम व्हायचे, मग ते संपायचे आणि आम्ही आपापल्या खोलीत जायचो. दुसरं, आजूबाजूला माणसं होती. काही भलतं दिसलं, भीती वाटली, तर तिथल्या तिथे विचारता येत होतं. वेळ आणि माणसं, या दोन गोष्टींनी आम्हांला सांभाळलं.

१९८२ साली गिरण्यांचा संप झाला. आमच्यासारखी कितीतरी घरं गावी परतली. थोरला भाऊ मात्र वरळीलाच राहिला. मी इकडे शिकलो आणि मास्तर झालो.

पुढे २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी मोबाईल घरोघरी आला. ती त्या वेळची गरज होती. शाळा उघडली, फोन घरातच राहिला. आता या फोनकडे नीट पाहा. त्याचे कार्यक्रम संपतच नाहीत. एक रील झाली की बोट सरकवायचं, दुसरी तयारच असते. तुम्ही जितका वेळ बघाल तितक्या जाहिराती जास्त दिसतात आणि त्यावर कंपनीला पैसा मिळतो. मग ती 'पुरे आता' का म्हणेल? आणि पडदा एवढासा, की एकानंच बघायचा. शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही, पोरगं काय बघतंय ते. म्हणजे वेळही गेली आणि माणसंही गेली. ती दोन्ही आता आपल्यालाच परत आणायला हवीत.

ती आणता येतात. आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ते करून दाखवलं. पोरं अभ्यास सोडून फोनला चिकटलेली आणि मोठी माणसं टीव्हीला. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि स्वातंत्र्यदिनापासून देवळावर भोंगा वाजू लागला. संध्याकाळी ७ ला वाजला की फोन आणि टीव्ही बंद. ८.३० ला पुन्हा वाजला की मोकळीक. आधी काहींनी हसण्यावारी नेलं. पण अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावलं. यातली खरी गोम भोंग्याच्या आवाजात नाही, तो सगळ्यांसाठी आहे यात आहे. बाप फोन बघत बसला आणि पोराला म्हणाला "अभ्यास कर", तर पोर ऐकेल का? सगळ्या गावानं ठेवला, तर तेही ठेवतं.

वेळेचं झालं. आता माणसांचं सांगतो.

आमच्या त्या चाळी आता पाडून नव्या बांधताहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत माझा भाऊही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो होतो. घर छान आहे, उजेड आहे, पण दार लावलं की शेजार दिसत नाही. भावाची नात आठवीत आहे. एरवी "तात्या, तात्या" करून मागे लागणारी पोर, आली आणि खोलीत जाऊन बसली. जेवायलाही येईना. आई रागावली, बाप रागावला. पोर गप्पच.

वहिनीला फोनचं काही कळत नाही. ती ताट घेऊन आत गेली आणि म्हणाली, "आधी दोन घास खा. मग वाटलं तर सांग. फोन कुणी काढून घेणार नाही, मी आहे." तेव्हा पोरीला रडू फुटलं. शाळेच्या कार्यक्रमातला तिचा फोटो कुणीतरी वाकडातिकडा करून, खाली घाणेरडं लिहून मुलांच्या ग्रुपवर टाकला होता. सगळे हसत होते. हे घरी कळलं तर फोन जाईल आणि वर बोलणी बसतील, म्हणून तिनं ते चार दिवस पोटात ठेवलं होतं.

सुट्टी संपल्यावर आईबाप शाळेत गेले. वर्गशिक्षिकेनं पोरीला वर्गापुढे उभं केलं नाही. ग्रुपमधल्या मुलांना पालकांसह बोलावून घेतलं. ज्यानं ते केलं होतं, तो म्हणाला, "गंमत म्हणून केलं." बाई एवढंच म्हणाल्या, "हे तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखव." त्याला ते वाचवेना. त्यानं माफी मागितली आणि सगळ्यांनी तो फोटो पुसला. तरी कुणाच्या फोनात तो राहिलाच नसेल, हे कोण सांगणार? पोर आता शाळेत जाते, हसतेही. पण आजीनं त्या दिवशी आधी ताट नेलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून येतो.

म्हणून पालकहो, हात जोडून सांगतो, "फोन काढून घेईन" ही धमकी देऊ नका. धमकीनं फोन सुटत नाही, सांगणं सुटतं. येत्या पालकसभेत आपणही ठरवू या. सात ते साडेआठ घरातले सगळे फोन मांडणीवर. डेअरीचा किंवा पाहुण्यांचा फोन आला तर उठून घ्यावा, बोलून परत तिथेच ठेवावा. त्या वेळात पोराजवळ बसा. वाचता येत नसलं तरी बसा. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामच्या स्वतःच्याच नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी तिथे खातं काढायचं नसतं. आपल्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं त्याहून लहान आहेत.

आणि मुलांनो, कुणी अनोळखी माणूस फोनवर गोड बोलू लागला, फोटो मागू लागला, तर त्याच दिवशी घरी सांगा. घरी धीर होत नसेल तर बाईंना सांगा, मला सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. ऑनलाईन फसवणुकीची तक्रार १९३० वर करता येते. हे दोन्ही आकडे पाढ्यांसारखे पाठ करा.

शेवटी एक सोपी कसोटी देतो. हे आपलं भित्तिपत्रक बघा. इथे लिहिणारा खाली आपलं नाव घालतो. बाई वाचतात, मग कागद भिंतीवर लागतो. शाळेत येणारा जाणारा, तुमचा बाप, आजी, सगळे तो वाचतात. महिना झाला की कागद उतरतो. फोनवर पाठवलेलं मात्र कुणाला उतरवता येत नाही. तेव्हा काही पाठवण्याआधी मनाशी विचारा, "हे मी माझ्या नावानं या भिंतीवर लावीन का?" उत्तर 'नाही' आलं, तर फोन खाली ठेवा आणि खेळायला या. मैदान मोकळंच आहे.